आरशासारखं पातेलं

ओताऱ्याच्या घरातलं पातेलं काळं दिसलं, तर त्याच्या हाताला कोण विचारणार? लग्न होऊन आली त्या आठवड्यात नवऱ्यानं ओतारणीला हे हसत हसत सांगितलं होतं, आणि तिनं ते अगदी मनावर घेतलं. त्यांना दुकान नव्हतं. मागं पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी, पुढं एकच खोली, आणि खोलीच्या दाराशी तिची मोरी. गिऱ्हाईक आलं की आधी मोरीकडं बघायचं. म्हणून ती पातेली घासायची. बाहेरून सगळ्याच बायका घासतात. ही आतूनही घासायची, बारीक वाळू आणि तारेची घासणी घेऊन, तळापासून काठापर्यंत, कालच्या स्वयंपाकाची सावलीसुद्धा उरू नये अशी. मग ओलं पातेलं उन्हात कलतं धरून आलेल्या बाईला म्हणायची, "बघा, केस सारखे करून घ्यायचे असतील तर घ्या यात."

बायका हसायच्या आणि पातेलं घेऊन जायच्या.

ओतारी भंगारातून पातेली करायचा. भंगारवाल्याची गाडी शेडपाशी रिकामी व्हायची, आणि त्या ढिगात काय नसायचं! इंजिनांचे तुकडे, गळके रेडिएटर, पंख्यांची पाती, फ्रीजच्या पाठीवरच्या नळ्या, चेपलेले डबे, कुठल्याशा कॉम्प्युटरचा सांगाडा. सगळं मुशीत जायचं. मूस लाल व्हायची. वरची राख तो लांब दांड्याच्या पळीनं सारायचा आणि खाली रस दिसायचा, साय बाजूला केलेल्या दुधासारखा, पांढरा, थरथरता. वाळूच्या साच्यात धार सोडताना तो श्वाससुद्धा धरून ठेवायचा. हात हलला तर पातेल्याला भोक. त्याच्या पातेल्याला भोक कधी पडलं नाही.

त्यांच्या पोरीला सगळी गल्ली टकळी म्हणायची. दीड वर्षाची असताना जे तोंड सुरू झालं ते बंद म्हणून व्हायचं नाही. कुत्र्याशी बोलायची, चपलेशी बोलायची, झोपेत बोलायची. "हिच्या सासरचे कानात बोळे घालून बसतील बघ," असं दोन घरं सोडून राहणारी शिलाईवाली म्हणायची, आणि टकळी लगेच विचारायची, "बोळे म्हणजे काय? सासर म्हणजे काय? तुझ्या कानात आहेत?"

ओतारीण घासता घासता ओव्या रचायची. रचायची म्हणजे काय, हात फिरायचा त्या तालावर शब्द यायचे. अर्धी ओवी आईची, अर्धी पोरीची, असा दोघींचा करार होता.

*भट्टीच्या पोटामधी, लाल रसाचा झरा* — आई.

*बाबाच्या हातामधी, चांदण्याचा चुरा* — टकळी, आणि वर टाळी.

पिशवीची शिवण कुठंतरी उसवलेली असावी, वाटभर एकेक दाणा गळत जावा आणि घरी आल्यावर कळावं, तसं झालं. शब्द कधी गळायला लागले ते कुणालाच सांगता आलं नाही. आधी पोट दुखायला लागलं. पोरगी पालथी पडून राहायची. मग चिडायला लागली, चावायला लागली. सपाट जमिनीवर अडखळायची. चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा पांढुरका.

"शहाणी झाली," ओतारी म्हणाला. "कमी बोलते. म्हणजे तुझ्यावर गेली नाही."

"झाली थट्टा?"

"अगं, दात येत असतील."

"चार वर्षांच्या पोरीला?"

त्या दिवशी घासताना तिनं मुद्दाम ओवी म्हटली. भट्टीच्या पोटामधी, लाल रसाचा झरा. पोरीनं मान वर केली. ओठ हलले. "बाबाच्या हातामधी," ती म्हणाली आणि थांबली. आईकडं बघितलं, मोरीकडं बघितलं, स्वतःच्या हाताकडं बघितलं. मग म्हणाली, "पाणी."

ओतारणीच्या हातातली घासणी तिथंच राहिली.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बोट टोचून रक्त घेतलं. चार दिवसांनी बोलावलं. कागदावर आकडा होता, अठ्ठावीस.

"रक्तात शिसं आहे. पाचच्या आत पाहिजे होतं."

"शिसं? पोरीनं खाल्लं काय?"

"राहता कुठं?"

ओतारणीनं गल्ली सांगितली.

"म्हणजे जुन्या बॅटऱ्या फोडतात त्याच्या मागं ना? दोन गल्ल्या सोडून? मग काय विचारायचं!" नर्सबाईंनी लिहिता लिहिता मान हलवली. त्यांच्याकडं रोज त्या भागातली पोरं येत होती. "धूळ उडते, पोरं हात चोखतात. मोठ्यांपेक्षा लहान पोरांच्या अंगात शिसं लवकर भिनतं, आणि डोक्यावर जातं. जमलं तर तिथून हला. फरशी ओल्या फडक्यानं पुसा. हिरव्या भाजीचा पाला द्या, त्यावर लिंबू, टोमॅटो, आंबट काहीतरी. त्यानं पाल्यातलं लोह अंगी लागतं आणि शिशाला जागा उरत नाही. हा आकडा खाली आला पाहिजे. पंचेचाळीसच्या वर गेला तर मोठ्या दवाखान्यात."

ओतारणीनं प्रत्येक शब्द पदराला गाठ मारून घेतला.

महिनाभरात त्यांनी घर बदललं. पुलापलीकडं, चढावर, जिथं वारा उलट्या अंगानं येतो तिथं एक खोली मिळाली. भट्टी जुन्याच जागी राहिली. ओतारी सकाळी तासभर चालत जायचा आणि संध्याकाळी तासभर चालत यायचा, आणि एकदाही कुरकुरला नाही. कपडे तिथंच बदलायचा, पाय धुऊन मगच आत यायचा. सामान आणलं तेव्हा हातगाडीवरून पातेली आधी उतरवली होती, जुन्या साडीत गुंडाळलेली, एकावर एक.

आणि ओतारीण लागली कामाला. उजाडता उजाडता फरशी पुसायची. पोरीचे हात धुवायची, दिवसातून दहा वेळा, नखाखालून. मग पाला चिरायची. नवऱ्याच्या हातच्या सर्वांत चांगल्या पातेल्यात तो टोमॅटो घालून शिजवायची, वरून अख्खं लिंबू पिळायची आणि झाकण ठेवायची. पोरगी एका वेळी खायची नाही. म्हणून ते आंबट कालवण दिवसभर त्याच पातेल्यात असायचं. दर तासाला दोन घास, दोन घास. "खा गं माझी बाय. हा घास बोलायचा, हा घास गायचा." पोरगी तोंड वाकडं करायची आणि खायची. पातेलं रिकामं झालं की आई ते वाळूनं घासायची. आता तर जास्तच. आजारी लेकराच्या भांड्यात कालचा डागसुद्धा नको.

तीन महिन्यांनी आकडा आला. एकेचाळीस.

नर्सबाई कागदाकडं बघतच राहिल्या. "घर खरंच बदललंत ना?"

"तुमची शपथ."

"पाला देता?"

"दिवसभर देते. लिंबू पिळून देते."

नर्सबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि घरात शिसं कुठं आहे ते मोजणाऱ्यांना फोन केला.

दोन दिवसांनी घरी एक मोजणीवाली आली. कोवळीच होती, पाठीवर पेटी, पेटीत केस वाळवायच्या यंत्रासारखं काहीतरी. ते यंत्र ती एकेका वस्तूला टेकवायची, थोडं थांबायची, आकडा बघायची. भिंत. "ठीक आहे." खिडकीचा रंग. "ठीक." पोरीची बाहुली, तिचा पेला, उंबऱ्याची माती, कोपऱ्यातली मुलीची अंथरुणं. ओताऱ्याच्या चपला. "थोडं आहे. पण एवढ्यानं एकेचाळीस होत नाही."

ओतारीण तिच्या मागं मागं फिरत होती. दर वेळी ठीक ऐकलं की ती पुढची वस्तू स्वतःच पुढं करायची. घरात काही सापडू नये असं कुठल्याही बाईला वाटेल. तिला वाटत होतं, सापडू दे, काहीतरी सापडू दे, म्हणजे उचलून फेकता येईल.

"चहा टाकू?" शेवटी ती म्हणाली.

मोजणीवालीनं शेगडीकडं बघितलं. "हे पातेलं कुठून घेतलंत?"

ओतारणीचा चेहरा उजळला. एवढ्या दिवसांत कुणी घरातल्या चांगल्या गोष्टीबद्दल विचारलं नव्हतं. "घेतलं नाही हो. ह्यांच्या हातचं आहे. आमचा धंदाच तो. बघा ना, केस सारखे करून..."

यंत्र पातेल्याला टेकलं होतं. मोजणीवालीनं आकडा बघितला, यंत्र पुन्हा टेकवलं. तिनं दुसरं पातेलं घेतलं, तिसरं घेतलं. मग जमिनीवर बसली आणि ओतारणीलाही हात धरून खाली बसवलं.

"यात काय शिजवता?"

"पाला. पोरीचा."

"आंबट घालून?"

"तुम्हीच सांगितलंत ना! दवाखान्यात सांगितलं."

"बरोबरच सांगितलं. पण या भांड्यात शिसं आहे, ताई. आंबटानं ते सुटतं आणि कालवणात उतरतं. जितका वेळ राहील तितकं जास्त." ती थांबली, पातेल्याच्या आतून बोट फिरवलं. "आणि हे आतून इतकं... कशानं घासता?"

"वाळूनं. रोज. का?"

मोजणीवालीला ते सांगायचं नव्हतं. पण विचारलंय म्हटल्यावर खोटंही बोलवेना. "आतून काळपट थर धरतो ना, तो राहिला असता तर कमी उतरलं असतं. थोडं तरी कमी."

ओतारणीनं आपले हात बघितले. बोटांची टोकं वाळूनं गुळगुळीत झाली होती, ठसे पुसून गेल्यासारखी. याच हातांनी शिशाला रोज नवी वाट करून दिली होती. दर तासाला दोन घास.

"आता बंद केलं," तिनं विचारलं, "तर गेलेलं परत येईल?"

"वर जाणं थांबेल. आकडा हळूहळू उतरेल."

"आकडा नाही विचारत मी."

मोजणीवालीनं पेटी बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. "लहान आहे अजून," ती म्हणाली. "बोलत राहा तिच्याशी."

संध्याकाळी ओतारी पाय धुऊन आत आला, तेव्हा सगळी पातेली दाराबाहेर पालथी घातलेली होती.

"हे काय मांडलंयस? बाजार?"

तिनं सांगितलं. ओरडली नाही, रडली नाही, जसं ऐकलं तसं सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"शिसं मी घालतो का?" तो म्हणाला. "मुठीनं टाकतो का मी शिसं?"

"रेडिएटरला असतं म्हणे, ती मोजणीवाली सांगत होती. सांध्याला, झाळ दिलेली असते तिथं."

"झाळ..." तो बोलता बोलता थांबला. डोळ्यांसमोर एकेक सांधा आला असणार. "ती काढत कोण बसतं? वितळून जाते की ती."

"जाते कुठं पण?"

तो खाली बसला. मग पोरीला जवळ ओढली, मांडीवर घेतली. "टकळे. ए टकळे. बाबाला शिवी दे बघू एक. दे की! परवापरवापर्यंत मला ढेरपोट्या म्हणायचीस." पोरगी त्याच्या सदऱ्याचा काठ दोन बोटांत धरून चुरत राहिली.

"आपण घरात स्टीलचं आणू," तो म्हणाला. "उद्याच आणू. रेडिएटर घेणं बंद करतो. पण बाहेर चकार शब्द काढू नकोस. ऐकतेस ना? एकदा तोंड उघडलंस की मी ओताऱ्याचा भिकारी."

"शिलाईवालीच्या बाळाला वरचं सुरू केलंय. आपण घर सोडलं तेव्हा माझ्याकडनं पातेलं नेलंय तिनं, खास त्याच्यासाठी."

"तिला मी बदलून देतो गुपचूप. काहीतरी सांगेन."

"आणि बाकीच्यांना?"

"बारा वर्षं ओततोय मी!" आता तो ओरडला. "बारा वर्षांची घरं कुठं शोधणार आहेस? कुणाकुणाच्या चुलीवरनं उतरवणार आहेस? दुसरा ओतारी काय सोन्याची ओततो? तोही त्याच ढिगातनं घेतो!"

पोरगी दचकली आणि मांडीवरून उतरून कोपऱ्यात गेली. तो तसाच उपाशी झोपला, किंवा झोपल्यासारखा पडून राहिला.

सकाळी तो भट्टीकडं गेला, आणि थोड्या वेळानं तिनं पोरीची वेणी घातली, तिचा हात धरला आणि पुलावरून जुन्या गल्लीत गेली.

शिलाईवाली मशीनवर बसली होती, तोंडात टाचण्या. मांडीशी दहा महिन्यांचं बाळ, एक पाय मशीनच्या पायडलवर ठेवून ताल धरत असलेलं. स्टोव्हवर पातेलं. भात, टोमॅटो, मीठ; मऊ, लालसर, बुडबुडे येत असलेलं.

"आली का गं बंगलेवाली!" टाचण्या काढत शिलाईवाली म्हणाली. "पूल ओलांडला की माणसं आंधळी होतात म्हणे. दिसतो का आम्ही? आणि माझी टकळी कुठंय? का बोलून बोलून संपली?"

पोरगी आईच्या मागं उभी होती.

"वहिनी, स्टोव्ह बंद करा आधी."

"का गं? गॅसचा वास आलाय का तुझ्या नाकाला? स्टोव्ह आहे तो."

ओतारणीनं सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसली असती तर सांगवलं नसतं. शिलाईवालीनं आधी हसू आवरलं, मग कपाळाला आठ्या घातल्या.

"नवऱ्याशी भांडलीस का?"

"नाही हो."

"मग त्याच्या धंद्यावर का उठलीस? आणि बाळ बघ माझं. असा लोण्याचा गोळा. विष खाल्लेलं पोर असं दिसतं होय? तूच मला म्हणालीस, केस सारखे करून घ्या यात. मी घेतलेसुद्धा होते."

"मीच म्हणाले."

"मग आज काय उपरती झाली?"

ओतारणीला कागदावरचा आकडा आठवला, यंत्र आठवलं, मोजणीवालीचे शब्द आठवले, आणि त्यातलं काहीच या खोलीत उपयोगाचं नाही हे कळलं. एकच गोष्ट उपयोगाची होती आणि ती तिच्या पदराला धरून उभी होती.

"हिला विचारा काहीतरी," ती म्हणाली.

"काय विचारू?"

"काहीही. तुम्हाला रोज प्रश्न विचारून हैराण करायची ना? तुम्ही एक विचारा."

शिलाईवाली बाळाला काखेला मारून खाली वाकली. "ए चिमणे. मी कोण गं? ओळखलंस का? माझ्या दोऱ्याची रिळं कुणी पळवली होती?"

पोरीनं तिच्याकडं बघितलं. बघता बघता कपाळ आक्रसलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. विचारलेलं तिला कळत होतं. आपल्याला ते येत होतं, कुठंतरी इथंच होतं, हेही कळत होतं. अंधाऱ्या फडताळात हात घालून चाचपावं तशी ती आत चाचपत होती, आणि हाताला काही लागत नव्हतं. ओतारणीला ते बघवेना. पण तिनं डोळे वळवले नाहीत.

"बाई," पोरगी शेवटी म्हणाली. आणि चुकलं हे तिला त्या दोघींच्याही आधी कळलं असावं, असं तिनं तोंड लपवलं.

खोलीत फक्त भाताचे बुडबुडे वाजत होते.

पुन्हा नाही, ओतारीण मनात म्हणाली. पुन्हा कुणापुढं लेकराला असं उभं करणार नाही. देवा, पुन्हा नाही.

शिलाईवालीनं स्टोव्ह बंद केला. पातेलं उचललं, मोरीत पालथं केलं. भात मोरीभर पसरला. "किती दिवस झाले," ती पुटपुटत होती, "दोन महिने. दोन महिने झाले नुसते. होय ना? दोनच महिने." वरचा घास समोरून गेलेला बघून बाळानं भोकाड पसरलं. तिनं भांड्यांच्या फळीकडं बघितलं. तिथं आणखी दोन पातेली होती. एक मोठं, एक लहान. दोन्ही लखलखीत.

"ही पण?"

ओतारणीनं मान हलवली.

"मग याला शिजवू कशात?"

ती तशीच बाळाला घेऊन बाहेर गेली, शेजारच्या दारावर थाप मारली. "अगं, एखादं पातेलं दे जरा. पोराचा भात टाकायचाय." आतून बाई आली, ओल्या हातानं पातेलं पुसत. "घे की, आत्ताच घासलंय." शिलाईवालीनं ते हातात घेतलं, उलटं केलं आणि वळून ओतारणीकडं बघितलं. ओतारणीला जवळ जायचीही गरज नव्हती. काठ कसा दुमडलाय ते लांबूनच दिसत होतं. तशा काठाचं पातेलं तिचा नवराच ओतायचा.

"हे नको," शिलाईवाली म्हणाली.

"का? भोक पडलंय का काय?"

समोरच्या घरातली बाई दार उघडून आली. तिच्या पलीकडची आली. बाळ का रडतंय, काय झालं, कुणाला लागलं का? कुणीतरी म्हणालं, माझ्याकडं मोठं आहे, ते आणू का? आणि आणलंच. प्रत्येकीच्या मागं एखादं पोर होतं. एक पाळण्यातलं, एक रांगतं, एक सात-आठ वर्षांचं, शाळेच्या कपड्यात. बायकांच्या हातात पातेली होती आणि उन्हात ती सगळी चमकत होती.

"सांग ना काय झालंय ते," पहिली म्हणाली.

शिलाईवालीनं नुसता ओतारणीच्या दिशेनं हात केला.

ओतारीण सांगू लागली. शिशाचं सांगितलं, आंबटाचं सांगितलं, वाळूचं सांगितलं. बायका ऐकत होत्या, एक हसली, एकीनं भुवया उडवल्या, एक म्हणाली, "काय बाई तरी, आमची पोरं तर धडधाकट आहेत."

ओतारणीनं खाली बघितलं. पोरगी तिच्या मागं चेहरा लपवून उभी होती. तिनं पोरीचे केस मागं सारले, तिच्या गालावरून हात फिरवला, आणि तिला दोन्ही खांद्यांना धरून बायकांच्या समोर आणलं.

"हिला विचारा," ती म्हणाली.